मैल, फर्लांग आणि आपला गुंठा



अमेरिकेत नाहीतर विलायतेत गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी प्रश्न पडतोच, की ५२८० फूट हा काय आकडा झाला? मैल सरळ ५००० फुटांचा का नाही?

गंमत म्हणजे मुळात तो ५००० चाच होता. लॅटिनमध्ये 'मिल्ले पासूस' म्हणजे हजार पावलं. रोमन 'पाऊल' म्हणजे एकच पाय उचलून पुन्हा टेकेपर्यंतचं अंतर, म्हणजे आपली दोन पावलं. त्याचे पाच फूट. (रोमन फूट जरा आखूड, म्हणून तो मैल जेमतेम दीड किलोमीटरचा.)

इंग्लंडातल्या शेतकऱ्याचं माप मात्र वेगळं होतं: फर्लांग. 'फरो' म्हणजे नांगराचं तास. त्या तासाची लांबी ६६० फूट. फर्लांगभर लांब आणि ६६ फूट रुंद पट्टा म्हणजे एक एकर, साधारण एका दिवसाची नांगरट. आठ फर्लांगांचा मैल धरायचा तर ५००० चं गणित जुळेना. पण फर्लांगाला हात लावला की एकर बदलणार, आणि एकर बदलला की जमिनीचे सगळे कागद! बांधावरून डोकी फुटतात हे आपल्याला कोणी सांगायला नको. शेवटी मैलच ताणला. १५९३ साली, तोही लंडनच्या वेशीपासून तीन मैलांत नवीन घरं बांधू नयेत अशा एका कायद्यात!

पुढे १६२० च्या सुमारास गंटर नावाच्या गणितज्ञाने ६६ फुटांची साखळी काढली. दहा साखळ्यांचा फर्लांग, ऐंशींचा मैल. आता तिची अर्धी करा: ३३ फूट. ३३ बाय ३३ म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजे आपला गुंठा! असे ४० झाले की एकर.

भारतात १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापं आली, सातबाऱ्यावर हेक्टर-आर आले. भावाभावांत बोलणं मात्र अजून गुंठ्यातच. गुंठा आणि आर जवळपास सारखे, पण एकच नव्हेत बरं का. एकराचे आर होतात ४०.४७. तेव्हा इथे बसून गावच्या वाटणीच्या कागदांवर सही करताना कोणी "एकर म्हणजे ४० आर" असं म्हणालं, तर एकरामागे पाचशे चौरस फूट गेले समजा. पुण्याच्या आसपास तेवढ्यात एक खोली-स्वयंपाकघर बसतं.