अडतं ते पाण्यापाशी

मे २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांचे पाच आदिवासी विद्यार्थी एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचले. आमच्या मुलांच्या दमाबद्दल तेव्हापासून शंकेला जागा उरलेली नाही. गडचिरोलीत पोलीस भरतीच्या तयारीसाठी पोरं पहाटे धावतातच, आणि शाळेच्या वाटेवर सायकल कित्येकांनी दामटलेली असते. ट्रायथलॉनचं नाव काढलं की अडतं ते पाण्यापाशी.

नवख्यांना झेपणारी स्प्रिंट ट्रायथलॉन म्हणजे ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल आणि ५ किलोमीटर धावणं, तेही सलग. सायकलवरून उतरून धावू लागलं की पोटऱ्या आपल्या वाटतच नाहीत, पावलं जड आणि आखूड पडतात. त्यावर उपाय आहे. सायकल ठेवली की लगेच दहा मिनिटं धावायचं, आठवड्यातून एकदा तरी.

पोहणं मात्र शिकावंच लागतं. शिकायचं कुठे? ताडोबाच्या तळ्यात मगरी आहेत, आणि वैनगंगेच्या धारेत पट्टीचा पोहणाराही बुडू शकतो. नदीत एकट्याने सराव करू नका, हे कळकळीने सांगतो. उजाडण्याआधी जंगलरस्त्याला सायकल घालू नका, तिथे वाघाचा वावर असतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो, तेव्हा दुपार वर्ज्यच.

कोळसा आणि लोहखनिज याच मातीतून निघतं. त्या खाणींतून जमा होणाऱ्या जिल्हा खनिज निधीतून प्रत्येक तालुक्याला एक जलतरण तलाव, बारमाही पाणी आणि पगारी प्रशिक्षक द्या, ही आमची चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांच्या प्रशासनाकडे मागणी आहे.