आवाजाची ओळख

आमच्या घरांतील चौकस मुलांनीं सुटींत करून पाहण्याजोगें एक सोपें विद्युन्मंडल आहे, तें आवाज पालटणारें. चार डायोड एकाच दिशेनें कड्यासारखे जोडावे. मधलें टोक असलेले दोन लहान ट्रान्स्फॉर्मर घ्यावे; एकांतून मायक्रोफोनचा वाढविलेला आवाज कड्यांत द्यावा, दुसऱ्यांतून बाहेर घ्यावा, आणि दोहोंच्या मधल्या टोकांस सेकंदाला 30 कंपनें देणारा आंदोलक जोडावा. सारें बॅटरीवरच चालवावें. मग 200 कंपनांचा मूळ स्वर लोपून 170 व 230 असे दोन उमटतात; 400चे 370 व 430 होतात. कंठस्वरांतील दुपटी-तिपटीचें नातें तुटतें, आणि बोलणें पत्र्याच्या घशांतून आल्यासारखें वाटतें. 1963 सालीं बी.बी.सी.च्या 'डॉक्टर हू' मालिकेंतील डॅलेक याच युक्तीनें बोलूं लागले.

हा निव्वळ खेळ नव्हे, असें आम्हांस वाटतें. आज संगणक नातवाचा आवाज हुबेहूब काढूं शकतो, आणि त्या आवाजांत पैसे मागून आजोबांना फसवितां येतें. काकांचा आवाज चार डायोडांनीं पालटलेला ज्या घरानें ऐकला, तें घर केवळ आवाजावरून माणसाची खात्री धरणार नाहीं. असा फोन आल्यास तो ठेवावा, आणि नातवाच्या नेहमींच्या क्रमांकावर आपण होऊन विचारावें.