पटावरचे वानर

समुद्रापासून इतक्या दूर, चंद्रपुरात, आम्ही पटावर आरमारी लढाया खेळतो. पाण्यावर उतरणारी विमाने वाहणारे जहाज वाट्याला आले की गडी नाक मुरडतो. मोठ्या तोफा नाहीत, चिलखत नाही! माझे मत उलट आहे. ताडोबात वाघाची वर्दी झाडावरचे वानर देते. त्यासाठी त्याला नखे लागत नाहीत. १९१७ साली मुंबईबाहेर सुरुंग पेरणाऱ्या जर्मन ‘वोल्फ’वर असे एकच विमान होते. सावज हेरायला तेच उडे. बोट ४५१ दिवस फिरून सुखरूप घरी परतली. तिच्या सुरुंगाने ‘मंगोलिया’ मुंबईजवळ बुडाली ती वेगळीच. मात्र उतरलेले विमान उचलून घेताना जहाजाला थांबावे लागते, समुद्रही शांत लागतो. आमच्या नियमांत हा धोकाच नाही. त्या वेळी जहाज एक डाव जागीच खिळावे; पाणबुडीवाल्याने मग खुशाल नेम साधावा.