ईदचा मेवा पावसाळ्यात का वाया जातो?

ईद झाली की आपल्या घरोघरी एक गोष्ट हमखास दिसते. शिरखुर्म्यासाठी आणलेल्या मेव्यातला उरलेला मेवा पिशवीला गाठ मारून फडताळात जातो आणि बकरी ईदपर्यंत कोणाला आठवत नाही. मग पिशवी सोडावी तर बदामाला जाळी, अक्रोड खवट, मनुकांचा चिकट गोळा. आमच्याच घरी दोन किलो अक्रोड असे टाकावे लागले. मशीद बंदरच्या ठोक भावात जे वाचवले ते गेलेच, वर मुद्दलही गेले.

याला ईदची तारीखही कारण आहे. हिजरी वर्षामुळे ती दर साली दहा-अकरा दिवस अलीकडे येते. २०१६ साली ईद जुलैत होती, २०२५ साली ३१ मार्चला. म्हणजे आता उरलेल्या मेव्याला एप्रिल-मेचा उकाडा सोसून वर भिवंडीचा दमट पावसाळा काढायचा असतो.

आपण कापडवाले. तागा जमिनीवर ठेवत नाही, खाली फळ्या घालतो, भिंतीपासून दूर ठेवतो. ओलीचा डाग पडला की माल गेला, हे आपल्याला शिकवावे लागत नाही. मग इतका महाग मेवा गॅसच्या शेगडीवरच्या फळीवर कसा ठेवतो?

बदाम, काजू, पिस्ते, अक्रोड यांत तेल असते. हवा, उजेड आणि उष्णता लागली की ते खवट होते. अक्रोड सर्वांत आधी. म्हणून अक्रोडाला ऊन देण्याची जुनी सवय मला चुकीची वाटते. खजूर, अंजीर, मनुका यांत साखर व ओल असते. ती काजूबरोबर एका बरणीत घातली की काजू मऊ पडतो. दोन्ही वेगळे, घट्ट झाकणाच्या कोरड्या बरणीत ठेवावेत आणि पावसाळ्यात फ्रीजमध्ये. फ्रीजमधली बरणी मात्र बाहेर काढल्याबरोबर उघडू नये. गार मेव्यावर हवेतले पाणी धरते. तिला अर्धा-पाऊण तास तशीच राहू द्यावी. बुरशी आलेला दाणा भाजून वापरू नये. तिचे विष घरच्या भाजण्याने पुरते जात नाही. याच विषापायी १९९७ साली युरोपीय संघाने इराणी पिस्त्याची आयात काही काळ थांबवली होती.

पण सगळा दोष घरातल्या बायकांच्या माथी मारणे मला मान्य नाही. माल दुकानातूनच जुना आला तर बरणी काय करणार? गेल्या सालचा बदाम नव्यात मिसळून रमजानच्या गर्दीत खपवणारे आपल्यातही आहेत. धान्याच्या ढिगात हात घातल्यावर आत ओल लागली, तेव्हा रसूलुल्लाह (स.) यांनी विक्रेत्याला, ओला माल वर का ठेवला नाहीस, असे विचारल्याचा प्रसंग सही मुस्लिममध्ये आहे. मेव्याच्या धंद्याला याहून नेमका नियम कोणता?

एप्रिल २०२५ मध्ये अटारीची वाट बंद झाली तेव्हा अफगाणी अंजीर, जर्दाळू महागतील म्हणून ओळखीच्या काही घरांनी दुप्पट खरेदी केली. त्यातले बरेच पावसाने खाल्ले. महिन्याला लागेल तेवढाच घ्यावा, भाव थोडा जास्त पडला तरी. आणि मेव्याच्या दुकानदार बंधूंनी पुढच्या रमजानपासून प्रत्येक पोत्यावर माल कोणत्या महिन्यात आला ते खडूने लिहावे. खडूला खर्च तो किती?