मोठे मासे दिसतायत, हीच तर काळजी आहे

व्हँकुव्हरला पाहुणे आले की स्टॅनली पार्क, झुलता पूल, व्हिसलर अशी ठरलेली प्रदक्षिणा असते. अलीकडे तिच्यात एकाची भर पडली आहे: चिलीवॅकला जाऊन "तो राक्षसी मासा" पकडायचा. फोटोही ठरलेला. चार-पाच जण कमरेएवढ्या पाण्यात, मध्ये आठ-नऊ फुटांचा मासा आडवा धरलेला, सगळ्यांची बत्तिशी बाहेर. असा फोटो ग्रुपवर आला की एक बाजू "वॉव, सही!" म्हणते आणि दुसरी बाजू "बिचाऱ्याला कशाला छळता?" म्हणते. मला दोन्ही बाजू अर्ध्याच पटतात, म्हणून हा वीकांत या माशाच्या नावाने.

मासा आहे व्हाइट स्टर्जन. उत्तर अमेरिकेतल्या गोड्या पाण्यातला सगळ्यात मोठा. वाढला तर २० फुटांच्या आसपास, वजन ६०० किलोच्या वर, आणि शंभरीही गाठू शकतो. अंगावर नेहमीचे खवले नाहीत, त्याऐवजी हाडाच्या ढालींच्या पाच रांगा. तोंडात दात नाहीत. गढूळ तळाशी चार मिशांनी चाचपत जायचं आणि काही सापडलं की नळीसारखं तोंड बाहेर काढून ओढून घ्यायचं, बस्स. हे खानदान डायनोसॉरच्या काळापासून जवळजवळ याच डिझाइनवर चालू आहे. आमच्या धंद्यात याला लेगसी सिस्टीम म्हणतात. मूळ लिहिणारे हयात नाहीत, डॉक्युमेंटेशन नाही, पण इतकी वर्षं बिनबोभाट चालतंय म्हटल्यावर त्याला हात लावायची कुणाची हिंमत होत नाही.

माणसाची मात्र झाली. शेजारच्या कोलंबिया नदीत आधी सामनचे मच्छीमार स्टर्जनला जाळी फाडणारा उपद्व्यापी म्हणून मारून टाकत. मग त्याच्या मांसाला आणि गाबोळीला (कॅव्हिआर म्हणजे शेवटी गाबोळीच हो, फक्त सूटबूट घातलेली) भाव आला. १८९२ साली तिथे सुमारे ५५ लाख पौंड स्टर्जन पकडला गेला. १८९९ पर्यंत धंदा झोपला होता. सात वर्षांत! पुढे कॅस्पियन समुद्रात व्होल्गावरच्या धरणांनी आणि सोव्हिएत संघ कोसळल्यावरच्या चोरट्या मासेमारीने तेच मोठ्या प्रमाणावर झालं. २०२२ साली आययूसीएनने जाहीर केलं की जगात उरलेल्या स्टर्जनच्या २६ च्या २६ जाती धोक्यात आहेत. मार्कलिस्टमध्ये सगळ्या विषयांत लाल रेघ म्हणा ना.

या यादीत फ्रेझर नदी त्यातल्या त्यात सुदैवी. १३७५ किलोमीटरच्या मुख्य प्रवाहावर एकही धरण नाही. १९९३ आणि ९४ च्या उन्हाळ्यांत तीसहून अधिक मोठे स्टर्जन मेलेले सापडले तेव्हा सगळे हादरले. इथल्या मूळच्या लोकांनी आपण होऊन स्टर्जन मारणं थांबवलं, आणि १९९४ पासून मासा ठेवून घ्यायला सरकारी बंदी आली. गळाने पकडा, पण जिवंत सोडा. जुलै २०१२ मध्ये एका ब्रिटिश पर्यटकाच्या गळाला लागलेला, अंदाजे ११०० पौंडी, बारा फुटांहून लांब मासा जगभरच्या पेपरांत झळकला. तोही परत नदीत गेला.

आता मला खरी आवडलेली गोष्ट. १९९७ मध्ये स्टर्जनसाठी एक संस्था निघाली आणि तिने गळवाल्यांनाच कामाला लावलं. पकडलेल्या माशाच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप सरकवायची, लांबी-घेर मोजायचा, नोंद करायची. पुन्हा तोच मासा दुसऱ्या कुणाला मिळाला की स्कॅनर फिरवला की नंबर येतो. म्हणजे प्रत्येक माशाला प्रायमरी की! गाइड आणि स्वयंसेवक यांनी फुकटात जमवलेल्या नोंदी आता लाखाच्या वर आहेत. एवढा डेटाबेस एवढ्या कमी पैशात सरकारी खात्याला जमला असता असं मला वाटत नाही.

आणि हाच डेटाबेस सध्या वाईट बातमी देतोय. २००० नंतरच्या दोन दशकांत लहान माशांचं प्रमाण घटत गेलं आहे. मोठे मात्र दिसतात, कारण १९९४ नंतर न मारलेले मासे वाढून मोठे झाले. गळवाले खूश, "अहो, पूर्वीपेक्षा मोठे मासे लागतात हल्ली!" सरासरी लांबी वाढतेय याचा आनंद साजरा करणं म्हणजे गावातल्या लोकांचं सरासरी वय वाढलं म्हणून पेढे वाटणं. बाबा रे, शाळेत पोरं नाहीत, म्हणून वाढलंय ते.

मादी वयात यायला वीसेक वर्षं घेते आणि त्यानंतरही काही वर्षांच्या अंतराने एकदा अंडी घालते. आज कोडमध्ये घातलेला बग प्रॉडक्शनमध्ये दिसायला वीस वर्षं लागली तर तुम्ही काय कराल? रिलीज थांबवून आधी टेस्टिंग वाढवाल की "अजून कुणाची तक्रार नाही" म्हणाल?

हे कुठे जातं ते बघायला लांब जायला नको. नेचाको ही फ्रेझरचीच उपनदी. तिच्यावर १९५२ मध्ये केनी धरण झालं. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून तिथल्या स्टर्जनची नवी पिढी जवळजवळ जगतच नाही. म्हातारे मासे अजून फिरतायत, अंडी घालतायत, पिल्लं टिकत नाहीत. शेवटी हॅचरी काढावी लागली. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये त्याच नदीत ११ मोठे मासे मेलेले आढळले. जिथे मोजकेच उरलेत तिथे अकरा.

तर मग गळ टाकणंच बंद करावं का? "छळता कशाला" पक्षाला इथे माझा विरोध आहे, आणि त्याचं उदाहरण आपल्याकडचं आहे. कावेरीवर भीमेश्वरी, गालीबोरला महसीरचे अँगलिंग कँप होते. पकडा-सोडा पद्धत. एकेकाळी चोरून मासे मारणारेच काही जण तिथे गाइड झाले आणि सुरुंग लावणाऱ्यांवर नजर ठेवू लागले. पुढे अभयारण्यात गळ चालणार नाही म्हणून ते बंद झाले. कायद्याने बरोबर असेल, पण नदीकाठची नजर गेली ती गेलीच. गंमत म्हणजे, तिथल्या मूळच्या कुबडवाल्या महसीरची वाट लागते आहे हे कळलं ते याच कँपच्या १९९८ ते २०१२ च्या नोंदवह्यांवरून. आणि लक्षणं तीच: संख्येने कमी, आकाराने मोठे. (त्यांच्या जागेवर बसली ती निळसर पंखांची महसीर, जिची पिल्लं लोणावळ्याच्या हॅचरीतून नेऊन सोडली होती. चांगल्या हेतूने केलेले पॅच असेच असतात.) २०१८ साली कुबडवाली महसीर अतिसंकटग्रस्त यादीत गेली.

म्हणून फ्रेझरवरून गळवाल्यांना हाकलू नये असं माझं स्पष्ट मत आहे. ते गेले तर मोजणारेही गेले. पण "सोडून देतो ना, मग झालं" हेही मला मान्य नाही. तासभर झुंजवलेला मासा दमतो, गरम पाण्यात जास्तच दमतो, आणि हवेत धरून ठेवला तर आणखी. तोच मासा पुन्हा पुन्हा गळाला लागला तर त्याने अंड्यांसाठी साठवलेली ताकद कुठून आणायची? अंडी घालण्याच्या दिवसांत, म्हणजे उन्हाळ्याच्या सुरुवातीला, मिशन ते होपमधल्या वाळू-गोट्यांच्या पट्ट्यात गळ बंद हवा, आणि तो मोठ्या लांबीत हवा. प्रत्येक बोटीला दिवसाचे किती मासे यावर मर्यादा हवी. धंदेवाईक गाइडांना चिप-स्कॅनर आणि नोंद सक्तीची हवी, स्वयंसेवेवर सोडून नको. त्याच पट्ट्यातल्या बेटांवर शेतीसाठी झाडं तोडणं आणि नदीतली खडी उपसणं याबद्दल तर गळवाल्यांनीच सगळ्यात मोठ्याने ओरडायला हवं. पिल्लांची जागा तीच आहे.

गाइडांचं पोट यावर आहे, हे मला मान्य आहे. पण कोलंबियातल्यांचंही होतं, १८९२ मध्ये.

तुमच्यापैकी कुणी येत्या उन्हाळ्यात जाणार असेल (सिएटलहून दोन-तीन तासच लागतात, प्रश्न येणारच!), तर ट्रिप सप्टेंबरनंतर घ्या, पाणी गार असतं. बुक करताना विचारा की स्कॅनर आहे का आणि मासा पाण्यातच ठेवता का. उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरा गाइड शोधा. आणि चिपचा नंबर लिहून घेतल्याशिवाय मासा सोडू देऊ नका. तो आधी कधी, कुठे, किती लांबीचा सापडला होता ते नंतर कळतं, आणि माझ्या मते फोटोपेक्षा ती ओळ जास्त भारी असते :)