विजयानंतरची संधी
मोठा विजय पदरी पडला की पुढच्याच सामन्यात अकादमीतली पोरे उतरवावीत, असे आमचे मत आहे. निपाणीशेजारच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील फुटबॉल विश्वचषक खेळला आणि दोन महिन्यांच्या आतच आय-लीगमध्ये इंडियन ॲरोजकडून चेन्नई सिटीविरुद्ध त्याने दोन गोल केले. ॲरोज त्या हंगामात तळाला राहिले, हा आक्षेप खराच. पण तो अख्खा संघच कोवळा होता. जिंकत्या संघात दोघेच नवे आणि भोवती जाणते खेळाडू असले, तर चूक सावरते. लय बिघडेल म्हणणारे प्रशिक्षक तीच पोरे हरत्या सामन्यात, नाइलाजाने उतरवतात (तेव्हा लय आठवत नाही!). वडगाव-बेळगावच्या क्लबांनी या पोरांना निदान एक अख्खा हाफ द्यावा. शेवटची पाच मिनिटे ही नुसती बोळवण.