एक मोठा की सात तयार?

प्रो कबड्डीच्या लिलावात २०२२ साली तमिळ थलायवाजने पवन सेहरावतसाठी २ कोटी २६ लाख रुपये मोजले. पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा दुखावला. तरी संघ उपांत्य फेरीत पोहोचला, तो नरेंदर या नवख्या पोराच्या चढायांवर! पुढल्या हंगामात तेलुगू टायटन्सने पवनसाठी अडीच कोटींहून अधिक ओतले आणि संघ तळाला राहिला. त्याच हंगामात पुणेरी पलटण अजिंक्य ठरली. तिनेही शादलुईसाठी २ कोटी ३५ लाख दिले, हे खरे. पण त्याच्यामागे नगर जिल्ह्यातल्या अस्लम इनामदारसारखी घरची तयार पोरे उभी होती.

आमच्या सिद्धेश्वरलाही वर्गणी जमली की बाहेरचा एक चढाईपटू आणायची टूम निघते. मी डावा कोपरा सांभाळतो, अनवाणी. माझ्या मते त्या पैशांत आधी सात जोड बूट घ्यावेत. उरले तर पाहुणा आणावा.

यात माझा स्वार्थ आहे, हे कबूल. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. लिलावात मला कोणी घेतले नसते. इथे नुसते मैदानात उतरू दिले, म्हणून आज हे लिहितो आहे.